कोवळ्या उन्हाची वेळ

पालघर,
ता. ३ फेब्रुवारी १९६७

चि. नलूस,
पुष्पामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुला आठवतं का, तू चवथीत असताना आपण मागच्या अंगणात साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या? कावळे हाकायचं काम तुझ्याकडे होतं, आणि कावळ्यांनी नेल्या नाहीत तेवढ्या पापड्या तू ओल्याच खाल्ल्यास. तुझी आई रागवायचं सोडून हसत बसली होती. किती दिवसांनी तिचं ते हसू आठवलं!

आठवायला कारण जमना कोळीण. काल चिंचणीहून सुके बोंबील घेऊन आली होती. म्हणाली, तुमची नलूबाय भर दुपारची तेल फासून मडमेच्या बाजूला सुकत पडते, आमी बोंबील तरी पालटून घालतो. मी हसले, पण ती गेल्यावर हसू टिकलं नाही.

तारापूरच्या प्रकल्पावरच्या गोऱ्या साहेबांच्या हॅडलीबाईंना तू मराठी शिकवतेस हे छानच. त्यांच्याकडून केक शीक, ऊन खाणं नको. वैशाखात लग्न आहे म्हणून रंग जपायला सांगत नाही हो. रंगाचं कौतुक आपल्या घरात कधीच नव्हतं. भाजशील म्हणून सांगते. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर ॲग्नेस आयर्लंडच्या. एकदा मे महिन्यात बागेत रमल्या आणि आठवडाभर नाकाची सालं काढत, गुलाबी औषध फासून, आम्हाला व्याकरण शिकवत होत्या. तेव्हापासून त्या सकाळच्या प्रार्थनेच्या घंटेआधीच बागेत जात.

भर दुपारी उन्हात पडण्याचं खरं कारण काय ते लिही. मावशीची माया तुला ठाऊक आहे.

तुझी,
पुष्पामावशी

*

चिंचणी,
ता. ७ फेब्रुवारी १९६७

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जमनाला सांग, मीसुद्धा मधून मधून पालटते.

आता खरं लिहिते. दिवाळीत डाव्या मनगटावर तांदळाएवढा पांढरा डाग आला. आता तो विड्याच्या पानाएवढा झालाय आणि दुसरा कोपराकडे निघालाय. बाबांनी मला बोईसरच्या एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी बावचीचं तेल दिलं, लावून उन्हात बस म्हणाले. किती वेळ ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. लग्न जवळ आलं म्हणून मी सकाळचं ऊन सोडून दुपारचं धरलंय.

बाबा म्हणतात, भगवंतरावांच्या घरी आत्ताच कळवायची गरज नाही, लग्नापर्यंत जाईल. सातारची माणसं, त्यांच्या आई जुन्या वळणाच्या. एवढी चांगली नोकरी, तारापूरच्या प्रकल्पावर, आणि माणूसही मनासारखा. मावशी, हे मोडलं तर मला सोसणार नाही.

हॅडलीबाईंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्याकडे म्हणे तांबूस रंग चढला की माणूस सुटी मजेत घालवून आलं असं मानतात. त्यांना सावळं व्हायचंय आणि मला एकसारखं. म्हणून दोघी शेजारी शेजारी पडतो.

रागावू नकोस, आणि बाबांना लिहू नकोस.

तुझी,
नलू

*

पालघर,
ता. १० फेब्रुवारी १९६७

चि. नलूस,
अनेक आशीर्वाद.

रागावलेली नाही. पण पत्र वाचताक्षणी ती बाटली मोरीत ओत.

तुझं नाव न सांगता मी आपल्या डॉक्टर नरहरींना विचारून आले. ते म्हणाले, कातडीचा रंग ही तिची छत्री असते आणि पांढऱ्या डागाला ती छत्रीच नसते, म्हणून तो आधी भाजतो. बावची लावून उन्हात बसणं तर फारच धोक्याचं. असलं औषध द्यायचंच तर कातडीचे डॉक्टर मिनिटं मोजून, स्वतःच्या नजरेखाली देतात. आणि ऐक, भोवतालची कातडी रापली की डाग जास्तच उठून दिसतो. म्हणजे जे लपवायला तू तळून घेतेस, तेच ऊन उघडं पाडतंय. डाग कोणाला लागत नाही, त्याने जिवाला काही होत नाही. भाजण्याने मात्र होतं, आणि वर्षानुवर्षं भाजत राहिलं तर कातडीला कायमचा अपाय होतो.

तेव्हा बाहेरची कामं कोवळ्या उन्हात उरक. दुपारी सावली, लांब बाह्या, छत्री. उघडं राहील तिथे जस्ताचं मलम. मुंबईच्या डॉक्टरांकडे मी स्वतः तुला नेईन.

भगवंतरावांना तूच सांग. भाऊजींनी सांगितलं तर ती सारवासारव वाटेल, मी सांगितलं तर रदबदली. त्यांनी नाही म्हटलं तर तू रडशील, आणि मी तुझ्याजवळ बसेन. पण लग्नानंतर रोज हात पदराखाली धरून जगणं मी तुला करू देणार नाही.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
पुष्पामावशी

*

चिंचणी,
ता. २६ फेब्रुवारी १९६७

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दुपारी मी नेहमीपेक्षा जास्त वेळ पडले होते. सकाळी हातावर लिंबाएवढे फोड. बाबांनी पट्ट्या बांधल्या आणि स्वतःच बाटली ओतली. आता जखमा सुकताहेत.

भगवंतराव विचारपूस करायला आले तेव्हा मी पट्टी सोडून दोन्ही दाखवलं, भाजलेलं आणि पांढरं. त्यांनी आधी दुखतंय का विचारलं. मग उठून गेले. आठ दिवस पत्ता नाही. मावशी, ते दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही.

परवा आले. साताऱ्याला जाऊन आले होते. आईंनी आधी रडून घेतलं, मग विचारलं की हे तुला कोणी सांगितलं. मुलीनेच सांगितलं म्हटल्यावर म्हणाल्या, मग लग्नाची तारीख तीच राहू दे. भगवंतरावांना स्वतःला राग आला होता तो डागाचा नाही, मी हे एकटीने सोसलं याचा. वर मला म्हणाले, साइटवर आमच्या सगळ्यांच्या माना भाजून निघतात, तुझ्या मावशींना आमच्यासाठीही उपाय विचार.

हॅडलीबाई माझे फोड बघून घाबरल्या. त्यांचे खांदे उकडलेल्या खेकड्यासारखे झालेच होते. कोवळं ऊन याला त्यांच्या भाषेत शब्दच सापडेना, म्हणून मी त्यांना सकाळी सातला समुद्रावर नेऊन दाखवलं. आता त्या टोपी घालून त्याच वेळी फिरतात आणि भेटेल त्याला कोवळं ऊन म्हणतात, संध्याकाळीसुद्धा.

तुझ्या पत्रांनी धीर आला. तशीच लिहीत राहा.

तुझी,
नलू

*

पालघर,
ता. २ मार्च १९६७

चि. नलूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. विहीणबाईंना भेटायची मला घाई झाली आहे.

जमनाबरोबर पिशवी पाठवते, नीट वाटून दे. जस्ताच्या मलमाच्या डब्या दोन, एक तुझी, एक हॅडलीबाईंच्या नाकाची. पंचे भगवंतरावांना, मानेभोवती गुंडाळून साइटवर जायला, मित्रांनाही द्यावेत. रव्याचे लाडू भाऊजींना. त्यांना सांग, मी रागावलेली नाही, लेकीच्या काळजीने माणूस चुकतो. चहाची पूड जमनाची, तिने चहाडी केली म्हणून.

तुझी दोन पोलकी आहेत. लांब बाह्यांचं सुती, ते शाळेत शिकवायला जाता-येता उन्हासाठी. कोपरापर्यंत बाह्यांचं रेशमी, ते लग्नासाठी. अदलाबदल करायची नाही.

तुझी,
पुष्पामावशी