आत कोणीतरी आहे

तीर्थरूप आत्यास,

लगीनघाईचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घातला आहे, गुरुवारपासून मान धरली आहे, तेव्हा गोड मानून घे.) डोळा कसा आहे? पाणी येतं का अजून? थेंब वेळेवर घालतेस ना? तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर विचारतोय. तुला पंधरा दिवस वाचायला मनाई आहे, म्हणजे हे पत्र काकाच तुला मोठ्याने वाचून दाखवणार, हे धरून लिहितोय. काका, तुम्हालाही नमस्कार. तुमच्याबद्दलचा मजकूर येईल तिथे खोकू नका, सरळ वाचा. आत्या, ते मधेच खोकले तर एक वाक्य गाळलं असं समज.

गुरुवारी चार वाजता डोळ्याची पट्टी सुटणार होती आणि तू सगळ्यांना बजावलं होतंस, की पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड लगीनघाईचं बघणार. मी आलोच नाही. तू सव्वापाचपर्यंत दवाखान्याच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलीस आणि शेवटी जे तोंड पस्तीस वर्षं रोज बघतेस तेच तुला बघावं लागलं. मला फार वाईट वाटतंय. सहा वर्षं तुझ्या घरी राहून शाळा शिकलो, एवढं एक काम तू सांगितलंस आणि तेही झालं नाही. सबब सांगत नाही, फक्त काय झालं ते सांगतो.

आम्ही बनवतो तो प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे पाच पॅकेजांत जातो. आम्ही लिहिलेलं असतं ते कच्चं. ते कॉम्प्युटरने जुळवून, तपासून, बांधून दिलं की एक पॅकेज तयार. याला बिल्ड म्हणतात आणि एका बिल्डला चाळीस मिनिटं लागतात. एरवी हे ऑफिसच्या मोठ्या मशीनवर होतं, पण बुधवारी त्याने मान टाकली. मॅडम म्हणाल्या, तुझ्याच कॉम्प्युटरवर कर, पाचही झाली की तू मोकळा. एकामागून एक केली असती तर नऊला सुरू करून साडेबाराच्या आत संपली असती आणि मी दवाखान्यात डॉक्टरांच्याही आधी हजर असतो. पण तू मला हे नाव उगाच ठेवलेलं नाहीस. मी पाचही एकदम चालू केली.

झालं असं, की पाचही बिल्डं कच्चा माल एकाच फोल्डरमध्ये पसरतात, आणि पसरण्याआधी प्रत्येक जण तो फोल्डर झाडून काढतो. (तुझ्यासारखेच स्वच्छतेचे भोक्ते.) पहिल्याने झाडून आपलं सामान मांडलं, दुसऱ्याने येऊन ते सामान केर समजून झाडलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. मिनिटाभरात पाचही जण एकमेकांचा संसार झाडून मोकळे. कॉम्प्युटरचा पंखा असा ओरडायला लागला, की शेजारच्या टेबलावरची बाई फोनवर बोलायला जिन्यात गेली. नक्की काय होतंय हे कळायलाच मला साडेअकरा वाजले.

आणि तेव्हा मला तुझा टॉवेल आठवला. घरात माणसं आठ, बाथरूम एक, आणि आतली कडी तुटलेली. तू दाराबाहेर खिळा ठोकून नियम केला होतास: आत जाणाऱ्याने टॉवेल खिळ्याला लावायचा, अंघोळ झाली की हात बाहेर काढून ओढायचा. टॉवेल दिसला की आत कोणीतरी आहे. मी बिल्डांना तोच नियम लावला. फोल्डरमध्ये शिरताना प्रत्येकाने एक छोटी फाइल ठेवायची (नावही मी 'टॉवेल'च दिलं), माल उचलला की ती काढायची. बाकीच्यांनी तोवर रांगेत थांबायचं. मग पुढचं बांधकाम ज्याने त्याने आपापल्या जागी करावं. हिशेबाने सगळं एकच्या आत आटपत होतं. तुझ्या अकलेचं मला फार कौतुक वाटलं, आणि माझ्याही.

पहिलं बिल्ड झालं, दुसरं मार्गी लागलं. तिसरं फोल्डरमध्ये शिरलं आणि मधेच बंद पडलं. मी ते पुन्हा चालू केलं. पण त्याचा आधीचा टॉवेल तसाच टांगलेला! म्हणजे तिसरं, चौथं, पाचवं अशी तिघंही दाराबाहेर उभी, आणि पडद्यावर मिनिटामिनिटाला ओळ येतेय: थांबलो आहे, आत कोणीतरी आहे. मी त्यावर विश्वास ठेवला. नियमच माझा, मी कसा मोडणार? दोन वाजता काकांना फोन करून अर्ध्या तासात निघतो म्हणालो, तीन वाजता दहा मिनिटांत निघतो म्हणालो, आणि दोन्ही वेळा मला ते खरंच वाटत होतं.

साडेतीनला मॅडम आल्या. पडदा बघून एवढंच म्हणाल्या, "तिघं बाहेर, दोन घरी गेलेली. मग आत कोण?" आणि एका बोटाने ती फाइल पुसून टाकली.

मला एकदम तो दिवस आठवला. काकांचा टॉवेल खिळ्यावर, आपण सात जण रांगेत, दोन तास कोणी हूं की चूं नाही. मग तुला वाटलं, काका आत चक्कर येऊन पडले, आणि तू शेजारच्या सुताराला हत्यारांसकट बोलावलंस. त्याने एका बोटाने दार ढकललं, ते उघडलं. काका ऑफिसात डबा खात होते. अंघोळ करून टॉवेल विसरले, असं तेव्हा ठरलं.

उरलेली बिल्डं साडेचारला संपली. मी धावतपळत दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते आणि तुझ्या बाकावर एक अनोळखी आजोबा बसले होते, त्यांच्याही डोळ्याला पट्टी. मी जरा वेळ त्यांच्याशेजारी बसलो.

काळजी घे. डोळा चोळू नकोस.

तुझा,
लगीनघाई

ता. क. वर 'तिसरं बिल्ड मधेच बंद पडलं' असं लिहिलंय. ते पडलं नाही, मी पाडलं. घाईत आकडा चुकीचा घातला होता म्हणून बटण दाबून मारून टाकलं. टॉवेल माझ्यामुळेच टांगलेला राहिला.

आणखी एक ता. क. खरं बोलायला घेतलंच आहे म्हणून. सुताराने दार ढकललं तेव्हा मी तुझ्या हाताखालून आत डोकावलो होतो. फरशी कोरडी ठणठणीत होती. काका टॉवेल लावून, पाणी गार आहे बघून, तसेच ऑफिसला गेले होते. (काका, खोकू नका. पंचवीस वर्षं मी हे पोटात ठेवलं.)

शेवटचा ता. क. दुसऱ्या डोळ्याची पट्टी पुढच्या महिन्यात नऊ तारखेला सुटणार. मी आठपासूनच रजा टाकली आहे, कॉम्प्युटर ऑफिसातच राहील. त्या डोळ्याने पहिलं तोंड माझं बघ. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. काकांनी मला गुपचूप सांगितलंय (काका, हेही वाचा), की तुझा राग शनिवारीच गेला, फक्त आता फोन उचलला तर कसं दिसेल म्हणून उचलत नाहीस. म्हणजे आत कोणी नाही. मी रविवारी संध्याकाळी सहाला फोन करतो. तेवढा टॉवेल काढून ठेव.