कॅनडा विचाराधीन

३ नोव्हेंबर, सकाळ

खिडक्या बंद, तरी घरात धूर. समोरचं क्वार्टर दिसत नाही. दिवाळी संपली की दिल्लीत माणसाने राहू नये, आणि आम्ही आर. के. पुरमात सरकारी खर्चाने राहतो. आमची पूर्वी काल रात्रभर खोकत होती. आठ वर्षांची पोर, नाकावर नेब्युलायझर लावून पाढे म्हणते. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. एवढं सांगायला फी घेतली.

ठरलं. कॅनडा. स्किल्ड वर्कर म्हणून अर्ज करायचा. माझ्याइतका स्किल्ड माणूस त्यांना मिळणार कुठे? सेक्शन ऑफिसर, भारत सरकार, सतरा वर्षांची नोकरी, एक डाग नाही. पूर्वीला शब्द दिला, पुढची दिवाळी स्वच्छ हवेत. तिने विचारलं, पक्का प्रॉमिस? म्हटलं, पक्का.

रेवती म्हणाली की स्वच्छ हवा नाशकातही आहे, तिचं माहेर आहे, आमच्या खात्याचं ऑफिसही आहे, तर बदली माग. झालं! बायकोची धाव माहेरापर्यंत. उडी मारायची तर समुद्र ओलांडावा, ओढा काय ओलांडायचा. विचाराधीन आहे, असं सांगून विषय संपवला.

९ नोव्हेंबर

करोल बाग. कारच्या सीट कव्हरच्या दुकानावर जिना चढून भाटिया नावाचा कन्सल्टंट. माझ्या केसमध्ये म्हणे तीन भोकं आहेत. इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर नाही, डिग्रीची तपासणी नाही, आणि नोकरीत मी नेमकं काय करतो याचं ऑफिसचं पत्र नाही. छोटी मोटी प्रॉब्लेम्स हैं, फिक्स हो जाएँगी, म्हणाला. फक्त वेळ काढू नका. दर वाढदिवसाला वयाचे मार्क कापतात. माझी चाळिशी दोन जूनला.

मग विचारतो, आप एक्झॅक्टली करते क्या हो? अर्धा तास समजावून सांगितलं. पोचपावती, नोंद, टिपण, सादरीकरण, समन्वय. त्याने सगळं ऐकून पॅडवर एकच शब्द लिहिला. उलटा वाचता येतो मला. 'क्लर्क', आणि पुढे प्रश्नचिन्ह. डोक्यात तिडीक गेली. प्रश्नचिन्ह होतं म्हणून गप्प बसलो.

१४ डिसेंबर

इंग्रजीची परीक्षा दिली. स्पीकिंगला समोर एक तरुण बाई. कार्डावर विषय: तुम्ही अलीकडे घेतलेला एक कठीण निर्णय. दोन मिनिटं बोला.

मी सुरू केलं. की सदर विषयाची सर्व बाजूंनी तपासणी करण्यात आली, संबंधितांशी सल्लामसलत करण्यात आली, आणि असं वाटलं की योग्य ती कार्यवाही व्हावी. बाईंनी विचारलं, पण निर्णय कोणता? म्हटलं, तो विचाराधीन आहे. तिने विचारलं, घेणार कोण? म्हटलं, सक्षम अधिकारी. ती घड्याळाकडे बघू लागली. एकदाही अडखळलो नाही. नवापैकी आठ कुठे गेले नाहीत.

२८ डिसेंबर

स्पीकिंग साडेपाच. रायटिंग सहा.

हरामखोर लोक आहेत. रायटिंगमध्ये मित्राला घरी बोलावण्याचं पत्र होतं. मी विषय टाकला, संदर्भ टाकला, परिच्छेदांना क्रमांक दिले, खाली 'प्रत माहितीसाठी: मित्राची पत्नी' अशी नोंदही केली. इतकं व्यवस्थित आमंत्रण त्या देशात कोणी कोणाला दिलं नसेल. रेवती वाचून हसली. हसण्यासारखं काय आहे हे तिला विचारलं तर आणखी हसली.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून इंग्रजी बातम्या मोठ्याने म्हणायच्या. परीक्षा पुन्हा देणार.

५ जानेवारी

बातम्या सुरू नाहीत. कारण थंडी. शिवाय मोठ्याने बोललं की पूर्वी जागी होते आणि खोकते. म्हणजे तिच्यासाठीच थांबलोय.

१८ जानेवारी

आज भाटिया फोनवर ओरडला. माझ्यावर! त्याचं असं झालं: युनिव्हर्सिटीतून मार्कशीटचं सीलबंद पाकीट ऑफिसच्या पत्त्यावर आलं. ते न उघडता जसंच्या तसं तपासणी करणाऱ्या कंपनीला पाठवायचं होतं. मी उघडलं, वाचलं, 'प्राप्त' असा शिक्का मारला, तारखेसकट सही केली, आवक नोंद घेतली आणि मग पाठवलं. कंपनीने परत पाठवलं. सील फुटलेलं चालत नाही म्हणे.

भाटिया विचारतो, मिरीकरजी, सील तोड़ी क्यों? अरे, सतरा वर्षांत माझ्या टेबलावरून एक कागद न उघडता पुढे गेलेला नाही. बंद पाकीट पुढे ढकलणारा माणूस बेजबाबदार की उघडून बघणारा? आणि शिक्का कोणाचा होता, भारत सरकारचा. त्याच्यावर यांचा विश्वास नाही, गोंदावर आहे. रात्री जेवलो नाही. मग उठून थोडा भात खाल्ला.

युनिव्हर्सिटीला पुन्हा अर्ज. पुन्हा फी. रेवती परत म्हणाली, नाशिक. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

१० फेब्रुवारी

आता अनुभवाचं पत्र. अंडर सेक्रेटरी खुराना साहेबांना भेटलो. माणूस दिलदार. म्हणाले, जो करते हो लिख के ले आओ, अभी साइन कर देता हूँ. वर गंमत म्हणून विचारलं की एखादी फाइल दाखव जिच्यावर तू स्वतः काही ठरवलंयस, तीच त्या पत्रात घालू.

दोन संध्याकाळी फायली चाळल्या. सगळीकडे माझ्या अक्षरात 'पुढील आदेशार्थ सादर'. याला शिस्त म्हणतात. शेवटी एक सापडली. पाण्याचा कूलर जिन्यातून कॉरिडॉरमध्ये हलवावा. छाती फुगली. पण खाली लिहिलं होतं, 'तोंडी आदेशानुसार'. तेही माझ्याच अक्षरात.

तर साहेबांना म्हटलं, असं हातोहात पत्र नको, उद्या कोणी आक्षेप घेतला तर? रीतसर प्रस्ताव टाकतो, प्रॉपर चॅनेलने येऊ दे. साहेब म्हणाले, जैसी आपकी मर्ज़ी. ई-ऑफिसवर फाइल टाकली. आठवड्यात पत्र हातात.

३ मार्च

पत्र नाही. कुठल्या गाढवाच्या टेबलावर फाइल अडलीय कोण जाणे. या देशात काम करायची कोणाची नियतच नाही. म्हणून तर जातोय.

२४ मार्च

मुख्यालयाचं सर्क्युलर आलं. पाच प्रादेशिक ऑफिसांत जागा रिकाम्या, आमच्या दर्जाच्या कोणीही इच्छा कळवावी, एका ओळीचा फॉर्म. नाशिकही आहे त्यात. समन्वय माझ्याकडे, त्यामुळे लगेच सगळ्यांना पाठवलं, 'माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी'. अशी तत्परता दाखवा म्हणावं दुसऱ्या कोणी.

दुपारी चैतन्य आला, माझा असिस्टंट. विचारत होता, सर, मी नाशिकसाठी देऊ का? पोरगा सातारचा, आई एकटी असते. त्याला बसवून चांगलं झापलं की तरुण माणसाने विचार मोठा ठेवावा. पण शिफारस केली, त्याच दिवशी. सेक्शनमध्ये फार प्रश्न विचारतो तो.

घरी सर्क्युलरचं बोललो नाही. ऑफिसच्या गोष्टी घरी आणत नाही मी.

१९ एप्रिल

पुन्हा परीक्षा. स्पीकिंग सहा. अर्धा मार्क वाढला! भाटिया म्हणतो निदान सात हवेत. हा माणूस मुळात निराशावादी आहे. फाइल अजून अडलेली. दोन स्मरणपत्रं टाकली, दुसरं बरंच कडक. उत्तर नाही.

१२ मे, संध्याकाळ

आज स्फोट झाला. खुराना साहेबांच्या खोलीत जाऊन सरळ सांगितलं की माझ्या मुलीच्या फुफ्फुसांचा प्रश्न आहे, आणि कोणीतरी नालायक तीन महिने माझ्या फाइलवर बूड टेकून बसलाय, त्याचं नाव मला हवंय, मी वरपर्यंत जाईन.  साहेबांनी चष्मा लावला, फाइल शोधली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

फाइल माझ्याच इनबॉक्समध्ये. ॲडमिनने फेब्रुवारीत समन्वयाचं मत मागवलं होतं. समन्वय म्हणजे मी. मी त्याच दिवशी शेरा मारलाय: 'यापूर्वी असे पत्र दिल्याचा दाखला आहे काय? तपासून फेरसादर करावे.' खाली परीक्षित मिरीकर. ॲडमिनने दाखला नाही म्हणून पुन्हा माझ्याकडे पाठवली, आणि तेव्हापासून ती तिथेच. माझी दोन्ही स्मरणपत्रंही तिथेच, न उघडलेली.

साहेब हसून हसून खोकायला लागले. यात हसण्यासारखं काही नाही. विषयात माझं नाव नव्हतं, 'एका अधिकाऱ्यास प्रमाणपत्र देणेबाबत' एवढंच होतं. असल्या ढीगभर फायली येतात. आणि मी काढलेली शंका रास्त होती. ती दुसऱ्या कोणाला सुचली नाही, हे कोणी बघत नाही.

रागाच्या भरात बसून त्या शंकेचं सविस्तर उत्तर तयार केलं. पुढील आदेशार्थ सादर केलं.

२५ मे

चैतन्य घरी पेढे घेऊन आला. नाशिकची ऑर्डर निघाली. रेवतीला वाकून नमस्कार करून म्हणाला, वहिनी, सरांमुळे झालं, सर्क्युलर सरांनीच पाठवलं, शिफारसही सरांचीच.

रेवतीने विचारलं की सर्क्युलर कधी आलं होतं. त्याने सांगितलं. तिने विचारलं, सर पण देऊ शकत होते का? तो म्हणाला, सर सीनिअर, सर देणार असते तर मी दिलंच नसतं. गाढव. पेढे खाल्ले, चहा घेतला, गेला.

मी भांडणाची तयारी ठेवली होती. मुद्दे काढून ठेवले होते.  तिने पूर्वीचा स्वेटर धुवायला टाकला आणि माहेरी फोन लावून आत गेली. तिलाही पटलं असावं.

२ जून

चाळीस. सकाळी भाटियाचा मेसेज, हॅपी बर्थडे सर, पॉइंट्स कम हो गए. असल्या शुभेच्छा दुष्मनालाही कोणी देऊ नयेत.

ऑफिसात पत्र मिळालं. शेवटी! एकच ओळ. श्री. मिरीकर या कार्यालयात काम करतात व त्यांना वेळोवेळी नेमून दिलेली कामे पाहतात. खुराना साहेब म्हणाले, तुमच्या टिपणावरून यापेक्षा जास्त काही काढता आलं नाही. पत्र भाटियाला पाठवलं. त्याने उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र पाठवलं.

रात्री जेवणं झाल्यावर रेवतीने समोर एक कागद ठेवला. पूर्वीच्या शाळेचा दाखला काढण्याचा अर्ज. नाशकातल्या एका शाळेत तिला मास्तरकी मिळालीय, पहाडगंजच्या मराठी शाळेतला तिचा अनुभव त्यांना लगेच पटला म्हणे. एका पत्रात काम झालं तिचं. पूर्वीचंही नाव तिथेच घातलंय. ती म्हणाली की आणखी एक दिवाळी पोरीला हा धूर पाजणार नाही, तू ये किंवा नको येऊस, पण आज हो की नाही ते सांग. आवाज चढवला नाही. तेच जास्त झोंबलं.

अर्ज काळजीपूर्वक वाचला. पालकाची सही या जागी लिहिलं, 'प्रस्ताव पाहिला. चर्चा करावी.' खाली सही, तारीख.

रेवतीने वाचलं. खूप वेळ वाचत होती, दोनच वाक्यं असून. मग दुसरा कोरा अर्ज काढला, आईची सही या जागी सही केली आणि दिवा घालवला. आईची सही चालते हे मला माहीत नव्हतं. ही शाळेची अक्षम्य ढिलाई आहे. त्यांना लिहिणार आहे.

११ जून

रेवतीने सामान बांधलं. नेब्युलायझर तेवढा टेबलावर ठेवला. म्हटलं, हा राहिला. तर म्हणाली, तिकडे लागायचा नाही. तुला लागेल.

मलाही जाता आलं असतं, रजा शिल्लक आहे. रजेचा अर्ज कालच टाकलाय. मंजुरी आलेली नाही. कोणाच्या टेबलावर आहे ते बघायला हवं.

निझामुद्दीन स्टेशनवर उन्हाची भट्टी पेटलेली. गाडी वेळेवर लागली, नेमकी आजच. पूर्वी खिडकीशी बसली. सारखी विचारत होती की नाशकात खरंच खेळायला बाहेर जाता येतं का, नोव्हेंबरमध्ये पण? रेवती प्रत्येक वेळी हो म्हणत होती.  

मग पूर्वीने विचारलं, बाबा, तू कधी येणार?

म्हटलं, विचाराधीन आहे.

पोर दिल्लीत वाढलेली, असले शब्द तिला कुठे कळतात. आईकडे वळून विचारलं, मम्मा, विचाराधीन मतलब? रेवती पाण्याची बाटली पिशवीत कोंबत होती. वर न बघता म्हणाली, म्हणजे नाही.

हे साफ चूक आहे. दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर गाडी हलली.