दरडीखालचं हाड

टेंभुर्णी, मंगळवार

सौ. वच्छलास भीमेकाठून आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तोंड उघडेना, म्हणून गावी निघालेल्या शिवराजच्या हाती चिठ्ठी देतोय.

नदीच्या दरडीत जुन्या जनावराचं, दगड झालेलं हाड दिसलं. वरून माती काढतच खणायचं, हे मीच इथं खणणाऱ्या सगळ्यांना शिकवलेलं. पण वर कुणाचा तरी उभा ऊस. तो मोडू नये म्हणून मी आपल्या शेजारच्या बसवेशला म्हटलं, "बसव्या, खालनं शीर की, तू बारीक हायस." दरड अंगावर आली. काल डॉक्टरांनी त्याचा पाय कापला.

त्यानं बायकोला घसरलो एवढंच सांगितलंय. ईरम्मा दवाखान्यात पहिला चहा मलाच देते. "अण्णा, तुमी होता म्हणून हे वाचले," म्हणते.

आज तिला खरं सांगणार आहे. नंतर ती तुझ्याशी बोलली नाही, तर तिला बोल लावू नकोस.

तुझा,
जोतीराम