सुपारीच्या जागी हातोडा

कोंडिबामामा,

शरणार्थ. किराणा दुकानदारानं गेलेल्या लोहाराला कागद लिहिला हे पाटोद्यात कळलं तर लोक हसतील. हसू द्या. आज अष्टमी, उद्या खांडेनवमी. सकाळी चंद्रामामी दुकानात पूजेचं आवतण द्यायला आली. जाता जाता एक गोष्ट बोलली, तवापासून माझं वजनमापात ध्यान न्हाई. ती काय बोलली ते पुढं लिहितो. आधी माझं पाप लिहू द्या.

तुमचा हातोडा चोरीला गेलाच न्हवता, मामा. तो माझ्याच दुकानात, गुळाच्या भेल्यांमागं हाय.

चाळिशी उलटलेल्या माणसाला सुऱ्या घडवायचा नाद लागला म्हणून सगळा बाजार हसलता. तुमी तेवढे हसला न्हाईत. मी नारायणगडच्या जत्रेतून पाच हातोडे, तीन सांडश्या आणि कानशींची अख्खी मोळी घेऊन आलतो. लई ऐटीत तुमच्या पुढ्यात मांडली. तुमी एकेक हातोडा ऐरणीवर हलकाच टाकला, कान देऊन ऐकला आणि बाजूला सारला.

"शिवाप्पा, हे सगळं दुकानात टांगा, कुणीतरी घेईल. नव्या माणसाला तीनच हत्यारं लागत्यात. एक हातोडा, एक सांडशी, एक कानस. चौथं घ्यायच्या आधी मला इचारायचं."

मग तुमी तुमच्या वडलांचा हातोडा माझ्या हातात दिला. बाभळीचा दांडा, अंगठ्याच्या जागी झिजून खळगा पडलेला. माझा अंगठा त्यात नेमका बसला, तवा मी लाजलोच. "हात बसेस्तोवर वापरा," म्हणालात, "खांडेनवमीला तेवढा पूजेला पायजे." आणि बजावून सांगितलंत की थंड कानशीवर घाव घालायचा न्हाई, ती हातोड्यापरीस कडक असते; आधी भट्टीत लाल करायची.

मला कुठला आलाय धीर? जुन्या कानशीची सुरी करायची होती, तिचा तुकडा पाडायचा होता. परसातली भट्टी पेटवायचा कंटाळा केला आणि घातला घाव. कानस तशीच राहिली, हातोड्याच्या तोंडाचा टवका उडाला. नखाएवढा. तुमच्या वडलांनी जन्मभर जपलेलं तोंड मी एका घावात फोडलं.

तवाच उठून तुमच्याकडं कावून आलो न्हाई? चार घरं ओलांडायची होती फक्त. पण ज्यांना हसू आलतं त्यांना आणखी हसू येईल, याचंच भ्या वाटलं. म्हणून गेल्या साली नवमीच्या आदल्या दिवशी तुमी मागायला आलात तवा म्हणालो, दुकानातून कुणीतरी उचलला. वर शहाजोगपणे इचारलं, पोलीस ठाण्यात अमीनसाहेबाकडं तक्रार लिहू का?

"नको. उगं कुणा गरिबाला मार बसंल," म्हणालात. दुसऱ्या दिवशी हातोड्याच्या जागी पाटावर सुपारी मांडलीत आणि तिलाच हळदकुंकू वाहिलं. मी तिथं उभा राहून प्रसाद खाल्ला, मामा. कसा गिळला असंल मी तो?

आणि निर्लज्जपणा कुठवर? दिवाळीत मी माझी पहिली सुरी तुमाला दाखवायला आणली. त्याच हातोड्यानं घडवलेली. तुमी ती उलटीपालटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. मग म्हणालात, "पोलादाला पाणी बरूबर बसलंय. हात तयार झाला तुमचा." मला वाटलं, शाबासकी मिळाली. पौषात तुमी गेलात, तरी मी ती शाबासकी मिरवत होतो.

आज मामी काय बोलली ते आता लिहितो. "मालक जायच्या आधी सांगून गेलेत," ती म्हणाली, "पूजेत हातोड्याची जागा रिकामी ठेवा, सुपारी मांडू नका. शिवाप्पा आणतील. कावून ते मला न्हाई ठावं."

ती गेल्यावर मी दुकानाची फळी लावली आणि भेल्यांमागून हातोडा काढला. सुरी आणली. तिच्या पाठीवर, जिथं तुमचा अंगठा थांबलता, तिथं नखाएवढा उंचवटा हाय. हातोड्याचा टवका उडालेला भाग त्यावर ठेवून बघितला. तंतोतंत बसला. एक न्हाई, असे चार उंचवटे. माझी चोरी मीच घडवून तुमच्या हातात दिलती, आणि मला ते वर्षभर दिसलं न्हाई.

तुमी मला शिव्या कावून दिल्या न्हाईत? एक थोबाडीत दिली असती तर मी तिथंच पाय धरले असते. तुमी मात्र वाट बघितलीत. मरताना सुद्धा माझी अब्रू झाकून ठेवलीत, बायकोपासून. याचा राग येतो मला, आणि राग येतो याचीही लाज वाटते.

उद्या मी येतो. घासूनपुसून टवका लपवणार न्हाई. सगळा बाजार जमल्यावर तुमचा हातोडा त्याच्या जागी ठेवीन, फुटलेलं तोंड वर करून, शेजारी ती सुरी. आणि मामीच्या तोंडाकडं बघून सांगीन की चोर मीच. हसणाऱ्यांनी हसावं. मामीनं प्रसाद दिला न्हाई तर मागणार न्हाई.

तुमचा हातोडा लपवणारा,
शिवाप्पा