बटाटे तळून होईपर्यंत

प्रिय रोना,

तू पाठवलेल्या चित्रातल्या पहिल्या सीगलच्या चोचीचा हिशेब ब्रिजेटने फोनवर दिला. एक अख्खी सकाळ, हातातून सारखं सुटणारं पेन आणि शेवटी मनगट धरायला तुझी ही लेक. दुसऱ्या सीगलची चोच दुसऱ्या दिवशी. मी विचारलं, "आणि पंख?" म्हणाली, "पंख आईने सोडूनच दिले." इतकं महाग चित्र माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

इथे ब्लफच्या बंदरावर वारा आहे तसाच. फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत, तुझ्या जागी, आता यंत्र बसवलंय. वेळापत्रकाच्या कोऱ्या पाठीचा त्याला काय उपयोग! तू त्यावर चित्रं काढायचीस, मी समोरच्या दुकानात मासे तळायचो आणि रांगेतल्यांचं बोलणं चोरायचो. इंटरनेटवरच्या आपल्या चित्रपट्टीची रीतच उलटी. मी आधी नुसते संवादाचे फुगे लिहून पाठवायचो, ते कोणाच्या तोंडचे हे तू ठरवायचीस. आठवतं, तो कालवंवाला म्हातारा मिठाचा डबा उपडा करत बायकोला म्हणाला होता, "डॉक्टरने मीठ बंद केलं, तर मी डॉक्टरच बंद केला!" मी ते आपल्या पट्टीतल्या जाड्या सीगलसाठी लिहिलं. तू सीगलला थडग्यावर बसवलंस आणि फुग्याचं टोक खाली थडग्याला लावलंस. बोलणारा जमिनीत! तेव्हा वाचक जेमतेम सतरा, त्यात निम्म्या तुझ्या मावश्या. तरी त्या मंगळवारी हसता हसता मी बटाट्यांचा एक घाणा जाळला होता.

पुढे तू लग्न करून डनीडनला गेलीस. मी पट्टी चालवत राहिलो, चित्रं पगारी पोरांकडून. कप छापले, टी-शर्ट छापले, त्यावर घर उभं राहिलं. पेपरवाली मुलाखतीला आली तेव्हा छाती काढून सांगितलं, "मला रिकामा फुगा दाखवा, बटाटे तळून होईपर्यंत भरून देतो!" तू ते कात्रण मला पाठवलंस, खाली लिहिलं होतंस, "म्हणूनच तुझे बटाटे करपतात."

तुझं हे चित्र येऊन महिना होत आला. धक्क्यावर दोन म्हातारे सीगल, बिनपंखांचे, दोघांच्या डोक्यावर एकेक रिकामा फुगा. या वेळी बोलणारे तू आधीच ठरवलेस: एक तू, एक मी. मी रोज त्या जुन्या दुकानाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. परवा एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बडबड पुरे, गार होतंय, गप गिळ." झकास ओळ. तुझ्या सीगलवर ठेवून पाहिली आणि खोडून टाकली. माझ्या फुग्यात कोणाचंही काहीही बसतं गं. तुझ्यात बसत नाही. तुझी वाचा गेल्याला वर्ष झालं, आणि तुझ्यासारखं रांगेत कोणी बोलत नाही.

काल ब्रिजेटचा पुन्हा फोन आला. "मर्डो, आई डोळ्यांनी विचारतेय, झालं का? डॉक्टर म्हणतात, आता महिने नाही, आठवडे धरा." पुरी झालेली पट्टी तुला एकदा बघायचीय, एवढंच मागितलंस तू. म्हणून हे पत्र. नुसतं चित्र पाकिटात घालायचा धीर झाला नाही. ब्रिजेट वाचून दाखवेल. सोबत चित्र परत पाठवतोय. तुझा भरला नाही, म्हणून माझाही नाही; दोन्ही फुगे रिकामे आहेत.

तुझाच,
मर्डो