डिशच्या जोडीला अँटेना

अहो,

तुमचा फोन लागत नाही, म्हणून लिहून ठेवते. दुपारी मामंजी शिडीवरून पडले. डोक्याला मार लागलाय. सिव्हिलला ठेवलंय, शेजारचे मुकुंदभाऊ तिथं बसलेत. मी आधार कार्ड न्यायला घरी आले.

ढग आले की डिशचं चित्र जातं, म्हणून जोडीला जुना अँटेना बसवून दे, असं ते दिवाळीपासून तुम्हाला म्हणत होते. आज स्वतःच चढले. मी खाली टीव्हीपुढं उभी. वरून सारखं विचारायचे, "आलं का गं चित्र?" पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. पण खिडकीतून शिडीवरचे त्यांचे पाय थरथरताना दिसले, म्हणून मीच ओरडले, "आलं, आलं! उतरा आता." "व्हय का!" म्हणाले आणि बघायला म्हणून घाईनं उतरायला लागले.

अजून शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. वन्संना मोडनिंबला फोन केलाय. त्यांना पाय घसरला एवढंच सांगितलं. तुम्हाला खरं सांगितल्याशिवाय मला तिथं तुमच्याशेजारी उभं राहता आलं नसतं.

लगेच या.

विजयमाला