निरोप घेऊन झाला, आता बदली द्यावी

प्रति,
मा. खेळाडू-नोंदणी अधिकारी,
मिडलँड बेसबॉल लीग,
मुख्य कार्यालय, ग्रँटव्हिल, आयोवा.

मार्फत : व्यवस्थापक, केलर्सबर्ग मिलर्स संघ

विषय : संघासंघांतील खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत टळली असली तरी मला दुसऱ्या कोणत्याही संघास देण्याबाबत.
संदर्भ : ३१ जुलै, सायंकाळी सहा वाजता संपलेली मुदत.

महोदया,

मुदतीनंतरचे अर्ज आपले कार्यालय उघडतही नाही, हे ठाऊक असून लिहीत आहे. यावरूनच माझी अवस्था ध्यानात यावी.

१. मी अडतीस वर्षांचा असून सतरा वर्षे आपल्या लीगमध्ये कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, आहे. इतक्या वर्षांत माझा संघ अंतिम फेरीत एकदाही गेलेला नाही. यंदा मिलर्स पहिल्या क्रमांकावर आहेत. त्यामुळे कोण राहणार, कोण जाणार, या काळजीने ३१ जुलैला सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

२. त्या दुपारच्या सामन्यात, पाचव्या डावात, व्यवस्थापक श्री. टॉबिन हॅलोरन यांनी मला कारण न सांगता मैदानाबाहेर बोलावले. मुदतीच्या दिवशी असे बोलावणे आले की खेळाडू दुसऱ्या संघाला दिला, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. कोणी काही विचारत नाही, उठून मिठी मारतात. मलाही सगळ्यांनी मिठ्या मारल्या. दोघे रडले. मग मीही मागे राहिलो नाही.

३. जाणारा माणूस मनातले बोलून जातो. जिंकत असलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, काही सांगायचे नाही, असा आमच्यात दंडक आहे. तो मी तिथेच मोडला. आमचा पिचर राउल एस्कोबेदो यास म्हणालो, "राउल, वळणारा चेंडू टाकण्याआधी तू जीभ बाहेर काढतोस. अख्ख्या लीगला कळतं. मला मे महिन्यापासून माहीत आहे." श्री. हॅलोरन यांना म्हणालो, "पिचर बदलायला तुम्ही नेहमी एक फलंदाज उशीर करता. पण तुम्ही मला वडिलांच्या जागी आहात." श्री. हॅलोरन माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. माझा तोंडावरचा जाळीचा मुखवटा मी प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतल्या श्रीमती लिंडक्विस्ट यांना दिला. तो त्यांनी दिवाणखान्यात टांगला असून परत देण्याचे नाव काढत नाहीत.

४. प्रत्यक्षात, पाहुण्या संघाच्या माणसांना आमचा तरुण कॅचर जॅरेड पुलास्की खेळताना दिसावा, एवढ्यासाठीच मला बाहेर घेतले होते. सहाला दहा मिनिटे कमी असताना अदलाबदल त्याची झाली. त्याला निरोप द्यायला कोणी नव्हते, कारण सगळे मला फाटकापर्यंत पोहोचवायला आले होते.

५. आता संघात कॅचर मी एकटाच. कॅचरला पिचरच्या नजरेला नजर देऊन बसावे लागते, आणि राउल चार दिवस माझ्याकडे न बघता चेंडू टाकत होता. मी जखमींच्या यादीत नाव घालण्याची विनंती केली. आमच्या उपचारतज्ज्ञ डोरीन बाई म्हणाल्या, "लाज हा काही स्नायू नाही, वेंडेल. बर्फ लावू तरी कुठे?"

६. सबब, विशेष बाब म्हणून मुदत शिथिल करून मला तळाच्या संघासही द्यावे. मोबदल्यात माणूस नको, डझनभर बॅटी आल्या तरी माझी तक्रार नाही.

७. तथापि, आपल्यापासून काही लपवू नये म्हणून कळवतो की, काल रात्री राउलने ओठ घट्ट मिटून गोलंदाजी केली आणि अकरा जण नुसती बॅट फिरवून परतले. सामना संपल्यावर तो माझ्यापाशी आला. "म्हाताऱ्या, हे मेमध्ये का नाही बोललास?"

मी म्हणालो, "तेव्हा जात नव्हतो ना."

"मग रोज जात जा की!" असे म्हणून त्याने माझ्या हातातले सँडविच अर्धे खाल्ले. आमच्याकडे ही दिलजमाई समजली जाते.

त्यामुळे हा अर्ज मंजूर झाल्यास मला फार वाईट वाटेल, याचीही नोंद व्हावी. मला हा संघ सोडायचा नाही. फक्त तोंड कुठे लपवावे ते कळत नाही.

आपल्या नकाराच्या आशेत,
आपला नम्र,
वेंडेल क्रूगर
केलर्सबर्ग, ६ ऑगस्ट

सोबत : उपचारतज्ज्ञांचा दाखला (गुडघे वयाला साजेसे).

व्यवस्थापकांचा अभिप्राय : नियमाप्रमाणे अर्ज पुढे पाठवत आहे. शिफारस नाही. अंतिम फेरीच्या खेळाडूंची यादी महिनाअखेर द्यायची असते, ती आजच जोडली आहे. पंचवीस नावे पेन्सिलीने लिहिली आहेत, ती बदलू शकतात. कॅचरचे नाव शाईने लिहिले आहे.
— टॉ. हॅलोरन